ट्रिपल निगेटिव्ह आपल्या रक्तातच आहे का?

प्रश्न: माझी धाकटी बहीण लग्नानंतर न्यू जर्सीला असते. वय ३८. काही महिन्यांपूर्वी तिच्या स्तनातली गाठ कॅन्सरची निघाली. रिपोर्टमध्ये ‘ट्रिपल निगेटिव्ह’ असं लिहिलंय. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की हा प्रकार तरुण बायकांमध्ये आणि कृष्णवर्णीय बायकांमध्ये जास्त दिसतो, भारतीयांमध्येही बराच आढळतो. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. आई म्हणते, आपल्या घराण्यात कुणालाच नव्हता. मी स्वतः ४४ वर्षांची, मला दोन मुली आहेत. कॅन्सरलाही वय आणि वंश कळतो का? आणि हे आपल्या रक्तातच असेल तर आम्ही काय करायचं?
— एक वाचक, सांगली

उत्तर: तुमच्या बहिणीचे उपचार नीट पार पडोत. तुमच्या पत्रात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. बहिणीला नेमका हाच प्रकार का झाला, आपल्या लोकांना तो जास्त होतो का, आणि तुम्हाला व मुलींना धोका किती. तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. ती वेगळी करून पाहिली तर भीतीचा बराचसा भाग गळून पडतो, आणि जो उरतो त्यावर काहीतरी करता येतं.

आधी रिपोर्टबद्दल. बायोप्सीत काढलेल्या तुकड्यावर पॅथॉलॉजिस्ट तीन गोष्टी शोधतात. पेशीत ईस्ट्रोजेन या संप्रेरकाला धरणारं प्रथिन आहे का, म्हणजे ईआर. प्रोजेस्टेरॉनला धरणारं आहे का, म्हणजे पीआर. आणि पेशीच्या पृष्ठभागावर हर-टू नावाचं प्रथिन प्रमाणाबाहेर वाढलंय का. पहिल्या दोघांपैकी एक जरी सापडलं तरी ती गाठ संप्रेरकांवर पोसलेली असते आणि टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्यांनी तिचं पोषण तोडता येतं. हर-टू वाढलेलं असेल तर ट्रास्टुझुमॅब लागू पडतं; अमेरिकेत त्याला १९९८ मध्ये मान्यता मिळाली. तिन्ही नसतील ती ट्रिपल निगेटिव्ह. हिच्यावर वरची दोन्ही औषधं चालत नाहीत, म्हणून मुख्य भार केमोथेरपीवर. २०२१ पासून अमेरिकेत सुरुवातीच्या टप्प्यातल्या पण जास्त धोक्याच्या ट्रिपल निगेटिव्ह गाठींसाठी केमोच्या जोडीला पेम्ब्रोलिझुमॅब हे प्रतिकारशक्तीला चेतवणारं औषधही देतात.

या प्रकारच्या गाठी वेगाने वाढतात हे खरं, पण त्या केमोला प्रतिसादही चांगला देतात. शस्त्रक्रियेआधीच्या केमोने गाठ पूर्ण विरघळली तर पुढचा अंदाज बराच चांगला असतो. शिवाय हा प्रकार उलटायचाच असेल तर बहुतेक वेळा पहिल्या तीन ते पाच वर्षांत उलटतो. ईआर पॉझिटिव्ह गाठ मात्र पंधरा-वीस वर्षांनीही डोकं वर काढू शकते. म्हणून एक प्रकार ‘वाईट’ आणि दुसरा ‘साधा’ अशी वाटणी रुग्णासमोर तरी करू नये.

हे प्रकार म्हणजे कागदावरची सोय नव्हे. चार्ल्स पेरू आणि त्यांच्या अमेरिकन व नॉर्वेजियन सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये ४२ रुग्णांच्या गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे आठ हजार जनुकांची कामगिरी त्यांनी एकाच वेळी मोजली होती. त्यात गाठींचे गट आपोआप वेगळे पडले: ईआर पॉझिटिव्ह असलेल्या ल्युमिनल, हर-टूच्या, आणि बेसल म्हणतात त्या. ट्रिपल निगेटिव्हपैकी बहुसंख्य गाठी या बेसल गटातल्या असतात. एकाच अवयवात उगवलेले हे जवळपास वेगवेगळे आजार आहेत, आणि प्रत्येकाचं वयाशी नातं वेगळं आहे.

ते नातं नीट दिसायला बराच काळ गेला. डेन्मार्कचे योहानेस क्लेमेसन यांनी १९४८ मध्ये दाखवलं होतं की स्तनाच्या कॅन्सरचा दर तरुणपणापासून झपाट्याने चढतो, पाळी जाण्याच्या वयाला त्याचा आलेख अचानक वाकतो, आणि मग पुन्हा चढू लागतो, पण हळू. हा बाक कशामुळे येतो यावर दशकानुदशकं खल झाला. ईआरच्या नोंदी हाती आल्यावर उलगडा होऊ लागला: एका आलेखात दोन आजारांचे आलेख मिसळले होते. ईआर निगेटिव्ह गाठींचा दर पन्नाशीपर्यंत चढतो आणि तिथून सपाट होत जातो. ईआर पॉझिटिव्ह गाठींचा दर पाळी गेल्यावरही चढत राहतो, साठीत आणि सत्तरीतही.

डॉक्टर ‘तरुण बायकांमध्ये जास्त’ म्हणतात तेव्हा ते वाट्याबद्दल बोलत असतात. पस्तिशीतल्या शंभर रुग्णांमध्ये ट्रिपल निगेटिव्ह जास्त निघतील, सत्तरीतल्या शंभर रुग्णांमध्ये कमी. पण एक लाख स्त्रियांमध्ये दर वर्षी किती जणींना हा प्रकार होतो, हे मोजलं तर सत्तरीतला आकडा पस्तिशीतल्यापेक्षा मोठा भरतो. वय वाढल्यावर ट्रिपल निगेटिव्ह कमी होत नाही. शेजारी ईआर पॉझिटिव्ह गाठी इतक्या वाढतात की ती त्यांच्यात झाकली जाते. ताटात भात कमी वाढला की चटणी जास्त दिसते. चटणी तेवढीच असते. वाटा आणि दर यांतला हा फरक मनात पक्का धरा, कारण वंशाबद्दलचा सगळा गोंधळ याच जागी होतो.

आता वंशाकडे येऊ. हा प्रश्न सर्वात काटेकोरपणे विचारला गेला तो अमेरिकेत, कारण तिथे रुग्णाच्या वंशाची नोंद होते. नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या एका अभ्यासात कृष्णवर्णीय आणि तरुण स्त्रिया मुद्दाम जास्त संख्येने घेतल्या होत्या. एरवी अशा पाहण्यांत त्यांची संख्या इतकी तुटपुंजी असायची की निष्कर्षच निघत नसे. २००६ साली लिसा कॅरी आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या ४९६ गाठींचा हिशेब मांडला. पाळी चालू असलेल्या कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये बेसल प्रकाराचा वाटा ३९ टक्के निघाला. पाळी गेलेल्या कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये तो १४ टक्के होता, आणि इतर स्त्रियांमध्ये, वय कोणतंही असो, १६ टक्के.

मधला आकडा पुन्हा वाचा. वंश तोच, पण पाळी गेल्यावर वाटा ३९ वरून १४ वर आला. म्हणजे वय आणि वंश ही दोन सुटी कारणं नाहीत. ती एकमेकांत मिसळून परिणाम घडवतात.

अमेरिकेतली आणखी एक गोष्ट अभ्यासकांना बरीच वर्षं कोड्यात टाकत होती. चाळिशीच्या आत स्तनाचा कॅन्सर कृष्णवर्णीय स्त्रियांना गोऱ्या स्त्रियांपेक्षा जास्त होतो, आणि पुढच्या वयात चित्र उलटं होतं. २०१२ साली कॅलिफोर्नियाच्या कॅन्सर नोंदणीवरून याची फोड झाली. ट्रिपल निगेटिव्हचा दर कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये सर्वच वयांत जास्त आहे. देशभरच्या नोंदींतही तो गोऱ्या स्त्रियांच्या जवळपास दुप्पट दिसतो. मात्र वय वाढेल तशा गोऱ्या स्त्रियांमध्ये ईआर पॉझिटिव्ह गाठी इतक्या वाढतात की एकूण बेरजेत त्या पुढे जातात. इथे वाटा आणि दर दोन्ही जास्त आहेत, म्हणून कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बाबतीत डॉक्टरांचं विधान पूर्णपणे खरं आहे. तरीही त्यांच्यातसुद्धा निम्म्याहून अधिक गाठी संप्रेरक पॉझिटिव्हच असतात.

मग ते त्यांच्या रक्तात आहे का? काही अंशी असावं, पण ‘कृष्णवर्णीय’ या एका शब्दात मावेल असं नाही. लिसा न्यूमन या अमेरिकन शल्यचिकित्सक अनेक वर्षं घानातल्या कुमासी शहरातल्या डॉक्टरांबरोबर आणि पुढे इथिओपियातल्या डॉक्टरांबरोबर काम करत आल्या आहेत. त्यांच्या गटाला घानातल्या रुग्णांमध्ये निम्म्याहून अधिक गाठी ट्रिपल निगेटिव्ह आढळल्या. इथिओपियातल्या रुग्णांमध्ये मात्र सुमारे १५ टक्के, म्हणजे गोऱ्या अमेरिकन रुग्णांइतक्याच. दोन्ही देश आफ्रिकेतले, दोन्हीकडचे लोक कृष्णवर्णीय. फरक असा की अमेरिकेत गुलाम म्हणून नेलेल्या लोकांचे पूर्वज मुख्यतः पश्चिम आफ्रिकेतले, घानाच्या बाजूचे होते. पूर्व आफ्रिकेतल्या इथिओपियाचे नव्हते. पश्चिम आफ्रिकेत जवळजवळ सर्वांच्या तांबड्या पेशींवर डफी नावाचं प्रथिन नसतं. व्हायवॅक्स या जातीच्या हिवतापापासून त्यामुळे संरक्षण मिळतं, म्हणून तो बदल तिथे हजारो वर्षांत टिकला आणि पसरला. या बदलाचा ट्रिपल निगेटिव्हशी दुवा न्यूमन यांच्या गटाला आढळला आहे. दुवा म्हणजे कारण नव्हे, पण दिशा महत्त्वाची आहे: जनुकांचा माग काढायचा तर कातडीच्या रंगावरून काढता येत नाही, पूर्वजांच्या गावावरून काढावा लागतो.

दुसरी बाजू मला जास्त अस्वस्थ करते. अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांना स्तनाचा कॅन्सर एकंदरीत गोऱ्या स्त्रियांपेक्षा किंचित कमी होतो, पण त्याने मरणाऱ्यांचा दर सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आहे. ‘त्यांचा प्रकारच वाईट’ असं म्हणून हा विषय मिटवला जातो. पण १९८० च्या सुमारापर्यंत दोघींचा मृत्युदर जवळपास सारखा होता. मग मॅमोग्राफी पसरली, टॅमॉक्सिफेन आलं, गोऱ्या स्त्रियांचा मृत्युदर उतरू लागला आणि कृष्णवर्णीय स्त्रिया मागे राहिल्या. दहा-पंधरा वर्षांत कुणाची जनुकं बदलत नाहीत. शिवाय जगण्या-मरण्यातली दरी फक्त ट्रिपल निगेटिव्हमध्ये नाही, सर्व प्रकारांत आहे. आणि ज्या संप्रेरक पॉझिटिव्ह गाठींवर स्वस्त, जुनी, खात्रीची औषधं आहेत तिथे ती सर्वात रुंद आहे. हे विमा, अंतर, उशीर आणि अर्धवट सुटलेल्या उपचारांचं काम आहे. प्रकाराला दोष देणं सोपं पडतं, कारण मग कुणालाच उत्तर द्यावं लागत नाही. आपल्याकडेही हाच धोका आहे.

आता आपल्याबद्दल. भारतातल्या निरनिराळ्या रुग्णालयांच्या अभ्यासांची एकत्रित मोजणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ट्रिपल निगेटिव्हचा वाटा ३१ टक्के निघाला. अमेरिकेत तो एकूण रुग्णांत १० ते १५ टक्के असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदींतही भारतीय व पाकिस्तानी वंशाच्या रुग्ण तुलनेने तरुण आढळल्या, आणि ईआर-पीआर दोन्ही निगेटिव्ह असलेल्या गाठी त्यांच्यात सुमारे ३० टक्के होत्या, गोऱ्या स्त्रियांमध्ये सुमारे २२ टक्के. तुमच्या बहिणीच्या डॉक्टरांनी सांगितलं ते यावर आधारलेलं असणार.

पण हा पुन्हा वाटा झाला. आपण दर काढू. जगभरच्या अंदाजानुसार, वयाचा फरक जुळवून घेतल्यावर, भारतात दर वर्षी एक लाख स्त्रियांमागे सुमारे २६ जणींना स्तनाचा कॅन्सर होतो. अमेरिकेत ९० हून अधिक जणींना. सव्वीसचे ३१ टक्के म्हणजे साधारण आठ. नव्वदचे १२ टक्के धरले तर साधारण अकरा. रुग्णालयांतला वाटा सगळ्या देशाला लावलेला हा हिशेब ढोबळ आहे, आणि कुणाला तो इकडेतिकडे सरकवावासा वाटेल. पण भारतीय स्त्रीला ट्रिपल निगेटिव्ह होण्याची शक्यता अमेरिकन स्त्रीपेक्षा जास्त आहे, असं त्यातून कसंही निघत नाही. आपल्याकडे त्याचा वाटा मोठा दिसतो, कारण ईआर पॉझिटिव्ह गाठी अजून खूप कमी आहेत.

त्या कमी का आहेत? लवकर मुलं होणं, जास्त मुलं, पाळी उशिरा सुरू होणं आणि लवकर जाणं यांनी मुख्यतः ईआर पॉझिटिव्ह प्रकाराला अटकाव होतो. अमेरिकेत उतारवयातल्या स्त्रियांमध्ये हा प्रकार फुगण्याचं एक कारण पाळी गेल्यानंतर घेतल्या जाणाऱ्या संप्रेरकांच्या गोळ्या हेही होतं. २००२ साली तिथल्या एका मोठ्या अभ्यासाने या गोळ्यांचा धोका दाखवला, लाखो बायकांनी त्या सोडल्या, आणि २००३ मध्ये देशातला स्तनाच्या कॅन्सरचा दर एका वर्षात सुमारे सात टक्क्यांनी खाली आला. घट मुख्यतः पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांतल्या ईआर पॉझिटिव्ह गाठींत होती. एका गोळीने एवढा फरक पडतो, तर गोऱ्या स्त्रियांमधला त्या प्रकाराचा मोठा वाटासुद्धा सगळा ‘रक्ता’चा नव्हता हे उघड आहे.

आपल्या दाराशीच याचा पुरावा आहे. मुंबईची कॅन्सर नोंदणी इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये सुरू केली. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शीच्या खेड्यांतला स्तनाच्या कॅन्सरचा दर मुंबईच्या निम्म्याहून कमी राहत आला आहे. मुंबईत देशभरची माणसं आहेत हे खरं, पण तिथली कितीतरी कुटुंबं एक-दोन पिढ्यांपूर्वी अशाच गावांतून आलेली आहेत. जनुकं तीच ठेवून राहणीमान बदललं की दर बदलतो. मुंबईतल्याच पारशी स्त्रियांमध्ये हा कॅन्सर इतर समाजांपेक्षा जास्त असल्याचं डॉ. डी. जे. जस्सावाला यांनी नोंदणीच्या आधारे दाखवलं होतं. उशिरा लग्न, कमी मुलं आणि दीर्घ आयुष्य ही त्या समाजाची वैशिष्ट्यं. अमेरिकेत स्थायिक झालेल्या चिनी, जपानी व फिलिपिनो वंशाच्या स्त्रियांच्या १९९३ सालच्या अभ्यासात तर आशियातल्या खेड्यातून नुकत्याच आलेल्या आणि तिथे पिढ्यांपासून राहणाऱ्या स्त्रियांच्या धोक्यात सहा पटींचा फरक दिसला.

म्हणून एक सांगून ठेवतो. आपल्या शहरांत लग्नं उशिरा होतायत, मुलं कमी, वजनं वाढतायत, आयुष्यं लांबतायत. पुढच्या काळात आपल्याकडे ईआर पॉझिटिव्ह गाठी वाढतील आणि ट्रिपल निगेटिव्हचा वाटा आपोआप घटेल. तेव्हा कुणी त्याची चांगली बातमी करून छापली तर विश्वास ठेवू नका. ट्रिपल निगेटिव्ह तेवढीच असेल, बाकीचा आजार वाढलेला असेल.

‘भारतात तरुण वयात होतो’ या वाक्याचंही असंच आहे. अमेरिकेत निदानाच्या वेळचं मधलं वय ६२, आपल्याकडे पन्नाशीच्या आसपास. पण आपल्या देशात तरुण बायकाच जास्त आहेत, सत्तरीतल्या कमी, त्यामुळे ओपीडीतल्या रांगेत तरुण चेहरे जास्त दिसणारच. चाळिशीच्या आतल्या एक लाख भारतीय स्त्रिया आणि त्याच वयाच्या एक लाख अमेरिकन स्त्रिया घेतल्या, तर आपला दर जास्त नाही, उलट कमी आहे. ओपीडीतल्या डॉक्टरांचा अनुभव खोटा नसतो. पण ज्या बायका ओपीडीत येत नाहीत त्या त्यांना दिसत नाहीत.

आपल्या ३१ टक्क्यांबद्दल आणखी एक शंका घ्यायला हवी. ईआर हे नाजूक प्रथिन आहे. काढलेली गाठ तासाभरात योग्य प्रमाणातल्या फॉर्मेलिनमध्ये बुडाली नाही, किंवा त्यात फारच थोडा किंवा फारच जास्त वेळ राहिली, तर ईआर असूनही चाचणीत दिसत नाही. लहान गावातल्या नर्सिंग होममध्ये ऑपरेशन झालं, गाठ संध्याकाळपर्यंत सलाईनमध्ये राहिली, दुसऱ्या दिवशी एसटीने शहरातल्या लॅबला गेली, तर ‘निगेटिव्ह’ हा शिक्का खोटा असू शकतो. अशा बाईच्या हातून टॅमॉक्सिफेनसारखी स्वस्त आणि जीव वाचवणारी गोळी निसटते. अमेरिकेतले दहा-पंधरा टक्के आणि आपले एकतीस टक्के यांतलं थोडं अंतर या हलगर्जीचं असावं, असं मला वाटतं. हे थांबवायला नवं संशोधन लागत नाही, ऑपरेशन थिएटरमध्ये फॉर्मेलिनची बरणी आणि वेळ लिहायची सवय लागते.

आता तुम्ही आणि मुली. वंशाचा विचार इथे सोडून द्या. तुमच्यासाठी घराणं महत्त्वाचं. बीआरसीए-वन या जनुकात जन्मजात बिघाड असलेल्या स्त्रियांना होणाऱ्या गाठींपैकी बहुसंख्य, सुमारे ७० टक्के, ट्रिपल निगेटिव्ह असतात. उलट बाजूने, ट्रिपल निगेटिव्ह झालेल्या साधारण दहातल्या एकीत बीआरसीएचा बिघाड सापडतो, आणि वय कमी असेल तर ही शक्यता वाढते. म्हणून तुमच्या बहिणीची बीआरसीए चाचणी व्हायलाच हवी. बहुधा झालीही असेल, विचारून घ्या. ‘आपल्या घराण्यात कुणाला नव्हता’ यावर विसंबू नका. हा बिघाड वडिलांकडूनही येतो. पुरुषाला काही न होता तो पुढच्या पिढीत उतरतो, आणि कुटुंबात बायका कमी असतील तर दोन पिढ्या लपून राहतो. आत्या, वडिलांची आई, चुलतबहिणी यांची चौकशी करा. स्तनाच्याच नाही, अंडाशयाच्या कॅन्सरचीही. पूर्वी ‘पोटात गाठ होती’ एवढंच सांगितलं जायचं.

बहिणीत बिघाड निघाला तर तुमच्यात असण्याची शक्यता निम्मी. मग तुमची चाचणी. तुमच्यात नसेल तर तुमच्याकडून मुलींकडे जाण्याचा प्रश्नच उरत नाही. असेल तर त्या सज्ञान झाल्यावर त्यांचा निर्णय त्या घेतील. अठराच्या आत ही चाचणी करत नाहीत. बहिणीत काहीच सापडलं नाही तरी सख्ख्या बहिणीला तरुण वयात झाल्यामुळे तुमचा धोका सरासरीच्या साधारण दुप्पट धरतात. दर वर्षी डॉक्टरांकडून तपासणी आणि मॅमोग्राफी कधीपासून, किती अंतराने, हे कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. ४४ हे वय त्यासाठी योग्य आहे.

याच विषयावरचे आणखी दोन प्रश्न बरेच दिवस आमच्याकडे पडून होते.

प्रश्न: अंगावर पाजल्याने कॅन्सर टळतो म्हणतात. सगळ्याच प्रकारांचा?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर: टळतो असं नाही, धोका कमी होतो. २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये ३० देशांतल्या ४७ अभ्यासांची एकत्र मोजणी आली. अंगावर पाजण्याच्या दर बारा महिन्यांमागे धोका ४.३ टक्क्यांनी उतरतो, आणि प्रत्येक बाळंतपणामागे आणखी ७ टक्क्यांनी. प्रकारांनुसार पाहिलं तर इथे एक वळण आहे. बाळंतपणाचा फायदा लांब पल्ल्यात मुख्यतः ईआर पॉझिटिव्ह गाठींना लागू होतो. ईआर निगेटिव्ह गाठींच्या बाबतीत बाळंतपण झालं पण पाजणं झालं नाही, तर धोका उलट वाढलेला दिसतो. पाजलं तर ती वाढ बरीच पुसली जाते. अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये पाजण्याचं प्रमाण कमी आहे, यालाही इतिहास आणि नोकरीच्या अटी कारण आहेत, आणि ट्रिपल निगेटिव्हच्या जास्त दरात याचा काही हात असल्याचं तिथले अभ्यासक मानतात. सुनेला सहा महिन्यांत कामावर हजर व्हावं लागत असेल तर तिला दोष देण्यापेक्षा ऑफिसात दूध काढायला जागा मागितलेली बरी.

प्रश्न: आमच्या महिला मंडळाला पस्तिशीपासून सगळ्यांची मॅमोग्राफी करून घ्यायची आहे. योग्य होईल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर: नाही. तरुण स्तन दाट असतात, एक्स-रेवर गाठ नीट दिसत नाही, आणि नसलेल्या गाठींच्या मागे धावण्यात बायका घाबरतात. अमेरिकेतल्या सध्याच्या सल्ल्यातही सरासरी धोक्याच्या स्त्रीला सुरुवात चाळिशीला आहे, दोन वर्षांनी एकदा. मुंबईत टाटा मेमोरिअलने १९९८ पासून झोपडपट्ट्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर फार मोठा प्रयोग केला. त्यांतल्या साधारण निम्म्या स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. २०२१ मध्ये वीस वर्षांचे निष्कर्ष आले: पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले, पन्नाशीच्या आतल्यांमध्ये घटले नाहीत. त्यामागे प्रकारांचा फरक असू शकतो. झपाट्याने वाढणारी गाठ दोन तपासण्यांच्या मधेच मोठी होते. तेव्हा मंडळाचे पैसे पन्नाशीच्या पुढच्या सदस्यांच्या तपासणीवर खर्च करा. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची आरोग्य केंद्रात मोफत हाताने तपासणी होते, तिचा लाभ घ्या. तरुण सदस्यांना एवढंच पक्कं सांगा की गाठ हाताला लागली, कातडी ओढली गेली, बोंडातून रक्त आलं, तर पुढच्या पाळीची वाट पाहत बसायचं नाही आणि ‘तुझं वय काय, तुला कशाला होतोय’ हे ऐकून घ्यायचं नाही.

आणि ज्यांच्या घरात गाठ निघाली आहे त्या प्रत्येकाला माझी विनंती: ऑपरेशनआधी सर्जनना विचारा की गाठ फॉर्मेलिनमध्ये केव्हा जाणार. ईआर, पीआर आणि हर-टू या तिन्हींचे आकडे लेखी मागा, नुसतं ‘निगेटिव्ह’ नको. रिपोर्टवर शंका असेल तर गाठीचा तुकडा ज्या मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो, तोच ठोकळा दुसऱ्या मोठ्या लॅबमध्ये पुन्हा तपासता येतो. तो ठोकळा रुग्णाचा असतो, मागितला की मिळतो.